मोजून घ्या

मराठीत 'मोजणे' हे क्रियापद मोजण्यासाठी फार कमी वापरतात. खोटं वाटत असेल तर एक दिवस नुसते कान उघडे ठेवा. चौकातला दादा म्हणतो, "आपण कुणाला मोजत नाय." सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती मला कुठं मोजते?" निवडून आलेला आमदार कार्यकर्त्याला मोजत नाही, पडलेल्या आमदाराला कार्यकर्ता मोजत नाही. झोप न येणारा तारे मोजतो, खाटेला खिळलेला शेवटच्या घटका मोजतो, आणि वर्तमानपत्रातल्या प्रत्येक पक्षाला कशाची ना कशाची किंमत मोजावी लागते. यात कुठं टेप आली? कुठं तराजू आला? आकडा तर औषधालाही नाही. आणि एखादी गोष्ट खरोखरच भरपूर असली, म्हणजे मोजायची खरी गरज पडली, की आपण अमाप, बेमाप, अगणित, असंख्य, अपरिमित अशी विशेषणं काढून मोकळे होतो. मोजलं नाही, एवढंच ती सांगतात, फक्त नटूनथटून.

माझं म्हणणं एवढंच आहे की, न मोजता बोलायची सोय व्हावी म्हणून मराठी माणसानं मोजण्याचे इतके शब्द सांभाळले आहेत.

घराणं मात्र मोठं आहे. 'माप' हा संस्कृतातल्या 'मा' या धातूच्या गोतावळ्यातला. मात्रा, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा, प्रतिमा, निर्माण ही सगळी त्याची सख्खी-चुलत भावंडं. एक विमानसुद्धा झालं. भूमिती तर उघडउघड जमीन मोजायलाच निघाली होती, वाटेत तिला शाळेत गाठून प्रमेयं शिकवायला बसवलं. घरातली हुशार पोरं अशी काव्यशास्त्र, न्यायशास्त्र वगैरे चांगल्या ठिकाणी चिकटली. माप तेवढं बाजारात बसलं, आणि बाजारात त्याला मोजणे हा गडी भेटला. लग्नातला 'मान' मात्र या घरचा नाही. तो 'मन्' धातूचा. तो मोजता येत नाही, म्हणून तर त्यावरून रुसवेफुगवे होतात.

मोजणे जिथं पक्कं रुजलंय ती जागा म्हणजे पैसा. पण तिथंही गंमत बघा. "फ्लॅट केवढ्याला पडला?" "साठ लाख मोजले." म्हणजे दिले. पगार घेताना आपण 'मोजले' म्हणत नाही, पगार 'होतो'. लाच 'खाल्ली' जाते, उधारी 'बुडते', वारशाचे पैसे 'येतात'. मोजले जातात ते फक्त आपल्या खिशातून निघालेले. पैसा हातातून सुटताना जी कळ येते, तिला मराठीनं मोजणे हे नाव दिलंय.

या कळीभोवती आपण जो शिष्टाचार उभा केला, तो मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या दिवसांत बुडाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हातउसने घेतलेले पैसे परत करायचा प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना तो विसरता येणार नाही. पाहुणा आतल्या खिशातून पाकीट काढतो.

"हे घ्या नाना. मोजून घ्या."

"अहो, मोजायचं काय त्यात! तुमच्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही हो. व्यवहार तो व्यवहार."

"छे, छे! काहीतरीच."

नाना पाकीट तसंच बंडीच्या खिशात सारतात, हवापाण्यावर दोन वाक्यं बोलतात आणि "चहाचं सांगून येतो" म्हणून आत जातात. चहाचं सांगायला अर्धं मिनिट लागतं. नानांना तीन लागतात. मधल्या खोलीतून थुंकी लावलेल्या बोटाखाली नोटा सरकल्याचा चर्रचर्र आवाज येतो, आणि तो झाकायला काकू स्वयंपाकघरात उगाच भांडं आपटतात. पाहुणा भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतो. आवाज एकदा थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, की त्याच्या पोटात गोळा येतो: नोट चिकटली की काय? शेवटी नाना बाहेर येतात आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणतात, "बरोबर आहेत हो." दोघेही सुटल्यासारखे हसतात. मग चहा.

आता दुकानात एक डबडं ओरडून अख्ख्या गल्लीला सांगतं, अमुक रुपये मिळाले. विश्वास नाही, अविश्वास नाही, भांडं आपटायची गरज नाही.

खळ्यावर धान्य मोजायची रीत याहून देखणी. पहिलं माप भरलं की मोजणारा 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. राशीची सुरुवात 'एक' अशा दरिद्री आकड्यानं कोण करणार? बाहेरच्या माणसाला वाटावं यांना एकापासून मोजता येत नाही, पण हिशेबात पहिलं माप धरलेलं असतं आणि वर लाभही पदरात पडलेला असतो. आमच्याकडच्या जुन्या बायकांना शंभरापर्यंत जाण्याचीही घाई नसे. त्या विसावर थांबत. "दोन विसा आणि पाच" म्हणजे पंचेचाळीस. वय विचारलं तर "तीन विसा झाल्या असतील की" असं उत्तर. त्या 'असतील की'मध्ये पाच-सात वर्षं सहज मावत.

मापांचं कोष्टक पाठ असणारी पिढी अजून आहे, पण तिला कुणी विचारत नाही. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. इथपर्यंत सगळे एकमतानं येत. मग मण. तो कुठं बारा पायल्यांचा, कुठं सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी. म्हणजे मण जसा, तशी खंडी. एका तालुक्यातली खंडी दुसऱ्या तालुक्यात नेली तर वाटेत काही पायल्या कुठं गेल्या हे ब्रह्मदेवाला कळलं नसतं. त्यातही माप सपाट भरायचं की शिगोशीग, हा प्रश्न वेगळाच. घेताना शीग लावायची आणि देताना वरून हात फिरवून माप सपाट करायचं, एवढ्या एका हातावर कित्येक सावकारांचे वाडे उभे राहिलेत. 'मापात पाप' हे कुण्या कवीला यमक सुचलं म्हणून म्हणत नाहीत.

मग सरकारला शिस्त आठवली. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं यायला लागले. दुकानातून शेर गेला. भाषेतून तो जाईना. शेरास सव्वाशेर भेटतो, किलोला सव्वा किलो कधी भेटल्याचं ऐकिवात नाही. नाजूक प्रकृती तोळामासा असते, दहा ग्रॅम नसते. बिनकामाची माणसं अजून पायलीला पन्नासच मिळतात, भाव वाढलेला नाही. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. पासंग म्हणजे तराजूची पारडी सारखी करायला बांधलेला दगड किंवा चिंधी, हे ज्यांना ठाऊक नाही तेही ही शिवी बिनचूक देतात. आणि गुत्त्यावरचं नवटाक हलवणं तर कोणत्याच कायद्याला झेपलं नाही.

या अदलाबदलीत आपलं नक्की काय झालं, याचा हिशेब मी मांडलाय, कारण तो दुसऱ्या कुणी मांडला नसता. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर म्हणजे २३३. आज मंडईत तुम्ही "पावशेर वांगी द्या" म्हणता, आणि भाजीवाली २५० ग्रॅम देते. दर खेपेला १७ ग्रॅम वांगी फायद्यात! आता सराफाकडे चला. तोळा मुळात ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणतो आणि दहा ग्रॅम देतो. वांग्यात कमावलेले १७ ग्रॅम त्यानं सोन्याच्या १.६६ ग्रॅममध्ये वसूल केले, आणि दोन्ही दुकानांतून आपण जुना शब्द टिकवल्याच्या अभिमानात बाहेर पडलो.

लांबीचं तर विचारूच नका. बोट, वीत, हात ही मापं प्रत्येकाला देवानं फुकट दिलेली, म्हणून प्रत्येकाची वेगळी. गजरा हातानं मोजून घेताना गिऱ्हाईक बाई आपल्या उंच नणंदेला पुढं करते आणि फुलवाली आपल्या आखूड हाताच्या पोरीला. शिवकाळात ही कटकट मिटवायला काठी ठरवून दिली होती: पाच हात आणि पाच मुठींची. हात कुणाचा, असं विचारायची सोय नव्हती, कारण हातही चौदा तसूंचा बांधून दिलेला. सगळी काठी ब्याऐंशी तसूंची. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. महाराजांच्या कारभाराबद्दल आपण तलवारीचंच फार बोलतो. मला विचाराल तर ब्याऐंशी तसू ठरवून ते गावोगावच्या पाटलांच्या गळी उतरवणं, हे एखादा किल्ला घेण्यापेक्षा सोपं नसणार.

कारण जमीन आली की मोजणे या क्रियापदाचा सगळा खेळकरपणा संपतो. तिथं त्याचं 'मोजणी' होतं, आणि मोजणी म्हटलं की दोन सख्खे भाऊ एकमेकांना 'लगतचे कब्जेदार' होतात. नोटीस येते: मौजे अमुक, तालुका तमुक, गट नंबर इतका. (मौजे, मोजे आणि मोजणी यांचं आपसात काही नातं नाही. तरी मौजे अमुकमध्ये मोजे घातलेला माणूस दिसला की तो मोजणीलाच आलाय, असं गाव समजतं.) त्याचं कागदोपत्री नाव भूकरमापक. गाव त्याला मोजणीदार म्हणतं, आणि तोंडावर 'साहेब'.

पूर्वी तो ३३ फुटांची साखळी घेऊन यायचा. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळीचेही सोळा भाग, त्यांचं नाव आणे. रुपयातले आणे गेल्याला जमाना झाला, पण जुन्या माणसांच्या तोंडी "गुंठाभर आणि चार आणे" अशी जमीन अजून असते. आता साहेब काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन येतो. ते उपग्रहांशी बोलतं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून बांध बघतो, आणि खाली बांधावर उभा राहून अण्णा म्हणतात, "त्याला काय दिसतंय? हे कडुलिंबाचं झाड माझ्या बानं लावलंय, हद्द त्याच्या पल्याड." धाकटे बापू म्हणतात, "झाड बानं लावलं, पण तिरकं लावलं." मग यंत्राच्या मागून अण्णा, अण्णांच्या मागून बापू, त्यांच्या मागून दोघांचे साडू, सल्लागार आणि ज्यांचं कुणाचंच काही नाही असे सहा-सातजण, अशी वरात शेतातून फिरते. साहेबानं खुणेचा दगड ठेवला की साहेबाची पाठ वळेपर्यंत तो दगड त्या जागी राहतो.

निकालाचं एक वैशिष्ट्य मी अनेकांकडून ऐकलंय: मोजणीनंतर दोन्ही बाजूंची जमीन कमी भरते. अण्णांची तीन गुंठे कमी, बापूंची दोन गुंठे कमी. ती पाच गुंठे कुठं गेली? ती मुळात कागदावर होती, किंवा मुळात जमिनीवर होती, किंवा शंभर वर्षं दोन्हीकडून बांध कोरता कोरता बांधातच विरघळली. पण मोजणी मान्य नाही असं म्हणायची सोय आहे. त्या फेरमोजणीला निमताना मोजणी म्हणतात. तीही मान्य नसेल तर तिच्यावर सुपर निमताना. हे नाव मी रचलेलं नाही, भूमि अभिलेख खात्याचंच आहे. आणि घाई असेल तर फी वाढवून साधीऐवजी तातडीची आणि अतितातडीची मोजणी मागता येत असे. तीन पिढ्यांचं भांडण अतितातडीनं मोजून मागणारा अर्जदार मला फार आवडतो. आशावाद म्हणतात तो हाच.

माणसाचं माप घेणं त्यामानानं निरुपद्रवी. ते शिंपी घेतो. त्याची टेप पोटाभोवती फिरली की आपण श्वास आत ओढतो, तो शांतपणे वाट बघतो, आपल्याला श्वास सोडावाच लागतो, आणि मग तो वहीवाल्या पोराला अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगतो, "पोट बेचाळीस!" बायकांनी यावर तोडगा काढलाय. त्या माप देतच नाहीत, 'मापाचं ब्लाऊज' देतात.

"हे मापाचं. फक्त खांद्यात सैल होतं, तो घट्ट घ्या. बाही अर्धा इंच वाढवा. गळा याच्यासारखा नको, परवाच्या निळ्यासारखा. आणि कंबरेत काचतं जरा, तिथं सोडा."

"काकू, मग नवीन मापच घेऊन टाकू का?"

"कशाला? मापाचं दिलंय ना!"

शिंप्याला आणखी एक जपावं लागतं. 'माप घेणं' हे त्याचं काम, 'मापं काढणं' नव्हे. एकवचनातलं माप पोटापुरतं असतं. अनेकवचनात गेलं की कुळाचा उद्धार.

मोजकं या शब्दाची कथा वेगळी आहे. "अगदी मोजकीच माणसं बोलावलीत हो" हे वाक्य ज्या लग्नाबद्दल उच्चारलं गेलं, त्या लग्नाला दोन्ही घरची मोजकी माणसं मिळून कार्यालयात उभं राहायला जागा नव्हती. ज्यांना बोलावलं नाही त्यांना सांगायचं वाक्य आहे ते. लग्नात खरी मोजणी एकाचीच, केटररची. तो ताटं मोजतो. वधूपित्याचा मेव्हणाही ताटं मोजायला उभा असतो. दोघांचे आकडे आजवर जुळलेले नाहीत.

आता सरकारकडे बोट दाखवायला हरकत नसावी. फारसीत 'शुमार' म्हणजे मोजणी. तो शब्द आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि आपण त्याचं काय केलं बघा. 'खानेसुमारी'त त्यानं घरं मोजण्याचं प्रामाणिक काम केलं. पण त्याला सुट्टा पकडून आपण 'सुमारे' केला, म्हणजे अंदाजे! पुढं नुसत्या 'सुमार'ला दर्जाहीन ठरवलं आणि मोजता न येणाऱ्याला 'बेसुमार'. मोजणीचं नाव घेऊन आलेल्या माणसाला या घरात अंदाजाच्या कामाला जुंपण्यात आलं. पिकांच्या पैसेवारीची पहिली पायरी कोणती? 'नजरअंदाज पैसेवारी'. मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईची सवलत मिळायची आशा, म्हणून अख्खं गाव एरवी ज्या पिकाची बढाई मारतं, त्याच पिकासमोर तलाठ्याला उभं करून सुस्कारे टाकतं. रुपयाचे आणे गेले म्हणून 'आणेवारी'ची 'पैसेवारी' झाली. नजर तीच राहिली.

स्वयंपाकघरात तर अंदाज हेच राज्य. चिमूटभर, नखभर, मूठभर, चवीपुरतं, हाताला लागेल तेवढं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७०मध्ये वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघरी नेलं, आणि घरोघरच्या आयांनी ते पुस्तक मुलीला आंदण देऊन स्वतः हातानंच मीठ टाकणं चालू ठेवलं. न्यूजर्सीतला मुलगा फोनवर विचारतो, "आई, भाजणीत धणे किती?" "अंदाजानं घाल." "अंदाजानं म्हणजे किती ग्रॅम?" यावर आई जी गप्प होते, ती मुलगा शिकून वाया गेला या दुःखानं.

या सगळ्यात एक माप मात्र अजून मानानं घरात आहे, निदान एक दिवसापुरतं. नवी सून उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून आत येते. पण तिथंही आता लग्नसाहित्याच्या दुकानातला मोती चिकटवलेला तांब्या असतो. खरं पितळी मापटं केव्हाच माळ्यावर गेलंय, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते मोडीत निघतं. धान्य मोजता मोजता ज्याचे काठ झिजले, ते मापटं मोडवाला इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतो आणि ग्रॅममध्ये त्याचा निकाल लावतो.

तुमच्या माळ्यावर असं मापटं, चिपटं असेल तर ते मोडीत घालू नका. आणि घालायचंच ठरलं असेल, तर आधी मोडवाल्याच्या काट्यावरचा पडताळणीचा शिक्का बघायला मागा. इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दरवर्षी नवा लागतो.